पायाखालचं बटण

माधव चौबळ कामाला बसले की डावा हात खिशात घालत. उजव्या हातात सोल्डरिंगचं तापलेलं लोखंड, समोर पाठ उघडलेला रेडिओ आणि डावा हात खाकी पँटच्या खिशात. गिऱ्हाइकांना तो उर्मटपणा वाटे. आमच्या शाळेचा बंद पडलेला लाऊडस्पीकर घेऊन कल्याणच्या स्टेशन रस्त्यावरच्या त्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही तसंच वाटलं. पुढे ओळख झाल्यावर त्यांनीच सांगितलं, "आत तीनशे व्होल्ट असतात, कुंदाताई. एकाच हाताला झटका बसला तर माणूस ओरडतो. दोन्ही हात आत असले तर छातीतून जातो, मग ओरडायलाही उरत नाही."

हे सांगताना त्यांनी जांभई दिली.

जांभई त्यांची कायमचीच. वय असेल चाळीसच्या आसपास, पण बघणाऱ्याला वाटे, हा माणूस आत्ताच लांबचा प्रवास करून आलाय आणि अजून कुणी त्याला बस म्हटलेलं नाही. युद्धात ते बिनतारी संदेशाच्या पथकात ब्रह्मदेशात होते. परत आल्यावर या दुकानात लागले. मालक दुसरा, गल्ल्यावर बसे; आतल्या अंधाऱ्या भागात चौबळ. राहायला डोंबिवलीला. घरी जाताना रोजच म्हणत, "चला, संपला एकदाचा." दिवस संपला की आणखी काही, ते कुणी विचारलं नाही.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि नाना फणशांच्या वाद्यवृंदात गात होते. नाना हार्मोनियमवर, एक क्लॅरिनेटवाला, एक ढोलकीवाला, एक व्हायोलिन, आणि कोपरीचा धर्मा म्हात्रे हवाईयन गिटारवर. लग्नं, सत्कार, गणपतीचे मेळे. माझा धाकटा भाऊ सोबतीला असेल तरच घरून परवानगी मिळे. लाऊडस्पीकर सांभाळायला नानांनी चौबळांना बोलावलं आणि ते आमच्यातले झाले. म्हणजे आमच्या मागे, पडद्याआड, खोक्याशेजारी स्टुलावर बसू लागले. त्या अँप्लिफायरला आम्ही सगळे 'खोका'च म्हणायचो. लष्कराच्या भंगारातून आणलेले काचेच्या दिव्यांसारखे व्हॉल्व्ह, कुठल्याशा जुन्या यंत्राचा पत्रा आणि शिसवी लाकडाची चौकट असं नानांच्या पैशाने चौबळांनी स्वतः बांधलेलं ते प्रकरण होतं.

गंमत अशी की या माणसाला मोठा आवाज सहन होत नसे. लाऊडस्पीकरच्या धंद्यात राहून आवाज लहान ठेवण्यासाठी भांडणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. यजमान येऊन म्हणायचे, "जरा वाढवा की!" चौबळ विचारायचे, "शेवटच्या रांगेत ऐकू येतंय ना? मग पुरे."

शहाडच्या एका लग्नात मुलीचे मामा ऐकेचनात. गावच्या वेशीपर्यंत आवाज गेला पाहिजे म्हणाले. दोनदा सांगून गेले, तिसऱ्यांदा चांगलेच तापून आले. चौबळ उठले, "या, तुम्हीच वाढवा," म्हणून त्यांनी मामांना खोक्याजवळ आणलं. पुढच्या बाजूला एक मोठं, काळं, आकडे कोरलेलं बटण होतं. मामांनी ते तीनवरून आठवर नेलं, डोकं कलतं करून ऐकलं आणि खूश होऊन म्हणाले, "हां! आता कसं!"

परतीच्या वाटेवर मी चौबळांना म्हटलं, "मला तर काहीच फरक जाणवला नाही."

"त्या बटणाला मागे काही जोडलेलंच नाही," ते म्हणाले. "मामांसाठीच बसवलंय. प्रत्येक लग्नात एक मामा असतोच."

सगळे हसलो. धर्मा तर वाट सोडून बाजूला उभा राहून हसला. चौबळ हसले नाहीत. डोळे मिटून चालत होते की काय असं वाटावं इतके ते दमलेले दिसत होते.

धर्माबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय चौबळ पुरे होत नाहीत. कोपरीचा आगरी, घरची पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलेली. भावांनी मीठ सांभाळलं, हा मात्र ठाण्यातल्या एका ख्रिस्ती बँडवाल्याच्या नादाने गिटारला लागला. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादी दांडी तारांवर सरकवायची, उजव्या हाताने छेडायचं. मिठात वाढलेले ते राठ हात तारेवर गेले की माझ्यासारखीला गाणं थांबवून ऐकावंसं वाटे. गिटारच्या तारांखाली चौबळांनी चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवून दिलं होतं, तिथून आवाज खोक्यात जाई. धर्मा सगळ्यांशी एकेरीतच बोले, चौबळांशीही. त्याच्या तोंडी ळ नव्हता, म्हणून तो त्यांना 'चौबल' म्हणे. एरवी कुणी अंगाला हात लावलेला न खपणारे चौबळ धर्माने पाठीवर थाप मारली तरी नुसते पुढे सरकत.

एका उन्हाळ्यात धर्माच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वय बेचाळीस-त्रेचाळीस. वाचला, पावसाळ्याच्या तोंडाला काठी टेकत चालायलाही लागला. पाय ओढायचा, तोंड किंचित वाकडं झालं होतं. तालमीला आला तो गिटार भावाच्या खांद्यावर देऊन. बसला, दांडी घेतली. डावा हात पूर्वीसारखाच सरकत होता. उजव्या हातात मात्र जोर राहिला नव्हता. बोटं तारेपर्यंत जायची, छेडायची, पण तार जेमतेम बोलायची. मी एकटी गात असताना ते चालून जाई. उलट आधीपेक्षा हळवं वाटे. ढोलकी आणि क्लॅरिनेट सुरू झाले की धर्मा बुडून जायचा. हात हलताना दिसायचा, ऐकू काही यायचं नाही.

नानांनी दोन तालमी बघितल्या. मग धर्मा बाहेर पाणी प्यायला गेल्यावर म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघतो. माझं काळीज काही दगडाचं नाही, पण लोक सुपारी देतात ती ऐकायला. ठाण्याचा एक पोरगा तयार आहे, चांगलं वाजवतो."

 चौबळ खोक्याच्या वायरी गुंडाळत होते, गुंडाळतच राहिले.

नुसता आवाज वाढवून ठेवला तर काय होईल, हे मी त्यांनाच विचारलं. त्यांनी करूनच दाखवलं. गिटारचा आवाज वाढला, त्याबरोबर खोक्याची घरघर वाढली, धर्माच्या नखाचं खरखरणं वाढलं आणि हळुवार जागा पत्र्यावर खडे टाकल्यासारखी वाजू लागली. "याला एक आवाज पुरत नाही," चौबळ म्हणाले. "गाण्यात बसून असताना एक हवा आणि मध्ये त्याची एकट्याची पाळी येते तेव्हा दुसरा. आणि हात तर दोन्ही गुंतलेले."

दुकान बंद झाल्यावर ते तासभर मागे बसू लागले. शाळा सुटल्यावर माझी वाट तिथूनच, म्हणून मी कधी डोकावत असे. एकदा त्यांनी मला समजावून सांगितलं, बहुधा मी विचारलं म्हणून नव्हे, तर स्वतःला ऐकू यावं म्हणून. गिटारच्या पहिल्या व्हॉल्व्हच्या पायाशी विजेला अडवणारा एक रेझिस्टन्स असतो. तो व्हॉल्व्हला आवर घालतो, फार उधळू देत नाही. त्या रेझिस्टन्सच्या शेजारी वीज साठवणारा एक कंडेन्सर जोडला की आवर सुटतो आणि आवाज जवळपास दुप्पट होतो. कंडेन्सर काढला की पुन्हा पूर्ववत. "म्हणजे हा कंडेन्सर वाजवता वाजवता जोडता-सोडता आला पाहिजे," ते म्हणाले. "बस्स, एवढंच."

जोडायला-सोडायला त्यांनी लष्करी ट्रकमधलं बटण आणलं. समोरून गाडी आली की ड्रायव्हर पायाने दाबून दिवे मंद करतो, ते. एकदा दाबलं की जोडलं, पुन्हा दाबलं की सुटलं. पाटावर बसवून त्यांनी ते धर्माच्या उजव्या पायाखाली ठेवलं. धर्मा त्यांच्याकडे बघत राहिला.

"हा पाय माजा नाय रं आता," तो म्हणाला.

चौबळ खाली वाकले, पाट ओढून डाव्या पायाशी नेला आणि बराच वेळ तिथेच पाट नीट करत बसले. नीट होण्यासारखं त्यात काही नव्हतं.

धर्माचं समाधान मात्र सहज होणारं नव्हतं. दुसऱ्या तालमीला त्याने विचारलं, "मना सांग चौबल, लोक टाली हाताला देतान का बटनाला?"

"ते मला विचारू नकोस. मी पडद्यामागे बसतो, मला टाळ्या कुणाला ते दिसत नाही."

गणपतीत कल्याणला मेळा होता. पटांगण भरलेलं. माझं दुसरं गाणं चांगलं रंगलं होतं. कडवं संपलं, धर्माची जागा आली. त्याने डावा पाय दाबला आणि कर्ण्यातून 'फट्' असा आवाज झाला, फटाका फुटल्यासारखा. तालमीत हा आवाज कधीकधी यायचा, पण लहान खोलीत, लहान कर्ण्यावर. आम्ही तो मनावर घेतला नव्हता. पटांगणात तो केवढा तरी झाला. पुढच्या रांगेतलं मूल रडायला लागलं, मागून कुणीतरी ओरडलं, "गेलं रे, गिटार फुटलं!" आणि हशा उसळला. धर्मा बावरला. दांडी तारेवरच थांबली. ढोलकीवाल्याने कसंबसं धकवून नेलं. ते गाणं संपताच सगळ्यांसमोर धर्माने गिटार काखोटीला मारली आणि काठी टेकत पायऱ्या उतरून निघून गेला. उतरायला त्याला फार वेळ लागला आणि तेवढा वेळ लोक हसत होते.

उरलेला कार्यक्रम गिटारशिवाय झाला. चौबळ पडद्यामागे पुतळ्यासारखे बसून होते. मी पाणी दिलं तर हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

मग काही दिवस त्यांनी त्या बटणाचा ध्यास घेतला. बटण बदललं, वायर जाड केली, पत्र्याचा डबा घातला, अर्थिंगची जोडणी दुसरीकडून घेतली. फट् तसंच. रविवारी चौबळ कोपरीला गेले, तर धर्माने भावाकडून निरोप पाठवला, झोपलाय म्हणून. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. पुन्हा झोपलेला. नानांनी ठाण्याच्या पोराला तालमीला बोलावून घेतलं होतं.

याच दिवसांत मी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेले, शाळेच्या एका कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला. दोन खोल्या, स्वच्छ, आणि इतक्या शांत की मी आपोआप हळू बोलायला लागले. घरात रेडिओ नव्हता. मी म्हटलं, "वहिनी, गावाचे रेडिओ दुरुस्त करतात आणि घरात नाही?"

चौबळांच्या पत्नी इंदिरावहिनी हसल्या. "मी शेजारच्यांचा ऐकते, भिंतीला टेकून. यांना चालत नाही. कानात सारखी शिट्टी वाजते यांच्या. लढाईत बाजूलाच काही फुटलं होतं, तेव्हापासून. कधी थांबतच नाही, रात्री झोपेतसुद्धा." मग चहा गाळता गाळता म्हणाल्या, "तिकडे यांचं काम काय होतं, माहितीये? कानाला लावून ऐकत बसायचं. लांबून कुणी हाका मारतंय का ते. एकदा म्हणाले होते, एक जण तीन दिवस बोलत होता, रोज त्याचा आवाज थोडा बारीक होत गेला. त्याहून जास्त कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही."

बाहेरच्या खोलीत चौबळ भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले होते. मी आमंत्रण वहिनींच्या हाती दिलं आणि त्यांना न उठवता निघाले.

नवरात्र बसलं त्या आठवड्यात मी दुकानावरून जात होते तर आत धर्मा. पाटासमोर खुर्चीत बसलेला, चेहरा रागीट. भावाने जबरदस्तीने आणून घातला होता म्हणे. चौबळ आत काहीतरी जोडत होते, दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते. करायला काही नाही म्हणून धर्मा डाव्या पायाने ते बटण दाबत बसला होता. फट्. जरा थांबून, फट्. मग चिडून भराभर दाबलं.

"चौबल," तो एकदम म्हणाला. "आयकलास?"

"काय?"

"पयल्यांदा जोरान फट करतं. लगेच परत दाबला तं गप. जरा थांबलो का परत फट."

चौबळ लोखंड हातात घेऊन तसेच उभे राहिले. "परत कर."

धर्माने केलं. भराभर दाबलं तर काही नाही. थांबून दाबलं तर फट्.

"परत."

असं त्यांनी कितीदा करायला लावलं. मग ते स्टुलावर बसले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच दोन्ही हातांत तोंड धरून बसलेलं पाहिलं. "मी बटणाला दोष देत होतो," ते म्हणाले. "बटण बिचारं ठीक आहे. सोडलेला कंडेन्सर रिकामा होत जातो. परत जोडला की उपाशी असल्यासारखा एकदम ओढतो. तो धक्का. लगेच जोडला तर अजून भरलेला असतो, म्हणून गप बसतो. त्याला पुरता सोडायचाच नाही, धर्मा. बटण उघडं असलं तरी बाजूने थोडंसं येत राहिलं पाहिजे. रिकामा नाही झाला म्हणजे झालं."

"मंग करून टाक ना. बोलतोस कया?"

एक चांगला मोठा रेझिस्टन्स बटणाच्या दोन टोकांवर आडवा टाकायचा होता, इतकंच. दोन डाग दिले, काम संपलं. आवाज वाढायचा त्यात फरक पडणार नव्हता, कारण त्या रेझिस्टन्समधून जाणारं नगण्य होतं. फक्त कंडेन्सर भरलेला राहणार होता. धर्माने पाय दाबला. काही नाही. थांबला, पुन्हा दाबला. काही नाही. त्याने गिटार मांडीवर घेतली, एक ओळ हलकी वाजवली, पाय दाबला आणि तीच ओळ पुन्हा वाजवली. तोच हात, तेवढाच जोर, पण आता गल्ल्यावरचा मालक मान वळवून बघायला लागला.

 धर्मा वाकड्या तोंडाने हसला की नाही ते कळलं नाही. चौबळ म्हणाले, "दसऱ्याला ये."

दसऱ्याला संध्याकाळी ठाण्यात कार्यक्रम होता. नानांनी दोघांनाही खुर्च्या मांडल्या होत्या, धर्माला आणि त्या पोरालाही, म्हणजे वेळ आलीच तर खोळंबा नको. धर्माने पहिल्या गाण्यात पाय हलवलाच नाही, भीत होता. मी कडवं संपवून त्याच्याकडे बघितलं. त्याची नजर पडद्याकडे होती. मग पाय दाबला गेला. कुठलाही धक्का नाही, नुसती गिटार पुढे आली, ढोलकीच्या वरून, क्लॅरिनेटच्या वरून, आणि त्या लुळ्या हाताने छेडलेली एकेक तार शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. टाळ्या पडल्या. कुणाला पडल्या ते लोकांना विचारायला हवं. त्यांना बटण ठाऊकच नव्हतं. पोराने गिटार पेटीत ठेवली आणि मांडी घालून ऐकत बसला.

मी पडद्यामागे गेले. म्हटलं, "चौबळ, जमलं हो!"

"हं," ते म्हणाले. "घरघर अजून आहे थोडी."

असे दोन दसरे गेले. धर्मा वाजवत राहिला. तिसऱ्या वर्षी त्याला दुसरा झटका आला आणि उजवा हात पुरता गेला. आता बटणाने होण्यासारखं काही नव्हतं. तार छेडलीच जात नव्हती. खोका नानांचा, तो वाद्यवृंदातच राहिला आणि धर्माच्या खुर्चीत ठाण्याचा पोरगा बसला. चांगला पोरगा होता, हातात जोर होता. पहिल्या कार्यक्रमात त्याने सुरुवातीलाच बटण दाबलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. लोकांना आवडलं. चौबळांनी दोनदा सांगून पाहिलं. मग एक दिवस नानांना म्हणाले, "माझं आता होत नाही. दुसरा माणूस बघा." नानांनी आग्रह केला, पण चौबळांचा चेहरा बघून फार लावून धरलं नाही. इतक्या वर्षांचा शीण त्यांच्या अंगावर एकदम उतरल्यासारखा दिसत होता.

माझं लग्न ठरलं ते नाशिकला. जाण्याआधी धर्माला भेटावं म्हणून एका रविवारी दुपारी धाकट्या भावाला घेऊन कोपरीला गेले. रुळांच्या पलीकडे त्यांचं घर. मालगाडी जात होती, म्हणून कोणी हाक ऐकली नसावी. आम्ही ओटीपाशीच थांबलो.

आत धर्मा खाटेवर उशीला टेकून बसला होता. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात दांडी. उजवा हात गोधडीवर पडलेला. खाटेच्या कडेला, त्याच्या उजव्या बाजूला, अगदी त्याला चिकटून चौबळ बसले होते आणि तारा छेडत होते. तिथे खोका नव्हता, कर्णा नव्हता, वायरसुद्धा नव्हती. धर्मा दांडी सरकवी आणि मानेने खूण करी. चौबळ डोळे बारीक करून तार शोधत आणि उशिराने छेडत.

"अरं ती नाय, खालची! खालची!" धर्मा वैतागला. "काय रं तुजी बोटा!"

"परत घे," चौबळ म्हणाले.

मालगाडी गेली. तेव्हा कुठे मला ते गाणं ओळखू आलं. आम्ही नेहमी शेवटी घ्यायचो ते. फार हळू चाललं होतं, दर ओळीत दोनदा थांबत होतं. भाऊ पुढे होऊन हाक मारणार होता, मी त्याचा हात धरला. आम्ही तिथेच उभे राहिलो. चौबळ पुन्हा चुकले, धर्मा पुन्हा ओरडला, आणि दोघांनी ती ओळ पहिल्यापासून सुरू केली.